योसेफ, मरीया आणि वन्सं

४ नोव्हेंबर

प्रिय चिंगे,

तुझ्या दुकानात नाताळ सुरू झाला असेलच. आमच्याकडे मात्र यंदा तो येतो की नाही अशी अवस्था आहे. चर्चच्या मागच्या खोलीतली वरची फळी कोसळली. तिच्यावर आमच्या गोठ्याच्या मूर्ती होत्या, जुन्या चादरींत गुंडाळलेल्या. योसेफाचं डोकं गेलं, मरीयेचे दोन्ही हात गेले, तीन राजांपैकी दीड राजा शिल्लक आहे. बाळ येशूचा तर भुगाच झाला. गाढव तेवढं धडधाकट आहे. गाढवांना कधी काही होत नाही, असं आमच्या वन्सं नेहमी म्हणायच्या, आणि म्हणताना माझ्याकडे का बघायच्या हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं.

गोठा मांडायचं काम माझ्याकडे, म्हणून बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच फळीवर चढून नाचले. समितीचे अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. ते म्हणाले, "बाई, पुलापलीकडच्या चर्चमध्ये यंदा मान हलवणारा उंट आणलाय. विजेवर चालतो." झालं! मान हलवणाऱ्या उंटापुढे कोण काय बोलणार? फादर बिचारे म्हणाले, "आपण साधेपणाने करू." औषधवाले म्हणाले, "फादर, साधेपणा बघायला लोक येत नाहीत." तेव्हा मला काय झालं कोण जाणे! मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "माझी धाकटी बहीण शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानाच्या शोकेस सजवते. आपला गोठा यंदा माणसाएवढा होईल." टाळ्या पडल्या. आता तू निस्तर.

दुसरं म्हणजे, वन्संचं पत्र आलंय. त्या राहतात ती इमारत वर्षअखेरीला पाडणार आहेत. कुठे एखादी खोली मिळते का ते बघतेय, असं लिहिलंय. सरळ काही विचारलेलं नाही, पण इतकी वर्षं मुख्याध्यापिका होत्या, प्रश्न न विचारता उत्तर काढून घ्यायची सवय आहे. 'तुझ्याकडच्या पाहुण्यांच्या खोलीत अजून सकाळचं ऊन येतं का?' असं लिहिलंय. मी लिहिलं, येतं. आणि विषय बदलला.

तू मला नावं ठेवशील, पण तू त्यांच्याबरोबर राहिलेली नाहीस. त्या पातेल्यांची झाकणं उचलून बघतात. बोलत काही नाहीत, नुसतं झाकण परत ठेवतात. आणि दर दोन दिवसांनी, 'माझा भाऊ लग्नाआधी किती गुटगुटीत होता!' आमचे हे गेल्यापासून मला एकटीला जेवायची सवय झालीय गं. आता या वयात पातेल्यावर पहारा नको.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस. नीट लिही.

तुझी ताई


११ नोव्हेंबर

ताई,

तोंडात टाचण्या धरून शिडीवर उभी होते, तेव्हा तुझं पत्र वाचलं. 'दीड राजा'पाशी हसू आलं आणि एक टाचणी जवळजवळ पोटात गेली. तुझ्या गोठ्यापायी एक दिवस माझा जीव जाणार.

आमच्याकडे पावसाळी कपडे उतरवले त्याच दुपारी नाताळ चढवला. साहेबांनी यंदा नवीन घोषवाक्य काढलंय: 'प्रेम मोजता येत नाही, म्हणून आम्ही पिशवी मोठी केली.' दिवसभर एकच गाणं वाजतं, त्यात नुसत्या घंटा. लिफ्टवाला आता माणसांशीही त्याच चालीत बोलतो. परवा एका बाईंनी खालून विचारलं, "अहो, नाताळ कुठल्या मजल्यावर आहे?" मी सवयीने म्हटलं, "तिसऱ्या, भांड्यांच्या पुढे." आणि शिडीवरच मला आपल्या शाळेतल्या मदर आठवल्या. आठवतं ना, प्रत्येक चांगल्या कामाला गव्हाणीत गवताची एक काडी, म्हणजे बाळाला मऊ लागेल? काड्या मिळवायला तू माझी वेणी उठता बसता सोडायचीस आणि परत घालायचीस. सगळ्यात जास्त काड्या तुझ्या आणि डोकं दुखायचं माझं.

असो. तळघरात जुने पुतळे पडलेत, कपडे घालायचे. सहा मिळतील. एक बाई, कमरेवर हात, एक भुवई वर. मरीया तिलाच करावी लागेल, कारण दुसरी बाई पोहण्याच्या कपड्यांची होती आणि तिची मुद्रा देवाला चालण्यासारखी नाही. तिला मेंढपाळ कर, डोक्यावरून घोंगडी घाल. एक टकला पुरुष, उजवा हात वर, पूर्वी त्यात टेनिसची रॅकेट असायची. तो योसेफ. आणि खेळाच्या विभागातले तीन तरुण, तिघेही धावताना. ते राजे.

बाळ नाही. आमच्याकडे मुलं सहा वर्षांपासून पुढे आहेत, हातात दप्तर घेतलेली.

साहेबांच्या कानावर गेलंच. ते म्हणाले, जरूर न्या, पण पुतळ्यांनी आमचे या हंगामाचे कपडे घालायचे आणि शेजारी छोटीशी पाटी. मी हो म्हटलं. नाही म्हणायला शिडीवरून उतरावं लागलं असतं.

वन्संचं काय ठरलं? ताई, ती खोली रिकामीच असते ना?

चिंगी


२२ नोव्हेंबर

प्रिय चिंगे,

सहा माणसं पाठवतेस ती अंगावर काही न घालता? कपडे वेगळ्या खोक्यात आहेत, हे आधी सांगायचं नाही? भर दुपारी ट्रक थांबला, आणि दोन हमाल एकेकाला काखोटीला मारून माझ्या घरात नेताहेत, अख्खी गल्ली दारात! समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढली. कुणाला मान दिला ते विचारलं नाही. शेजारीण म्हणाली, "इतके दिवस एकट्या होतात, बरं झालं हो." मी दार लावून घेतलं.

पण चिंगे, काय सुंदर दिसताहेत सगळे! पाहुण्यांच्या खोलीत उभे केलेत. योसेफाच्या वर केलेल्या हातात कंदील अडकवला, तर असा शोभतो, जणू त्यासाठीच त्याने आयुष्यभर टेनिस खेळलं. राजे धावताहेत ते उशीर झाला म्हणून. तेही बायबलला धरूनच आहे, लांबून यायचे होते. मरीयेची मात्र पंचाईत आहे. कमरेवर हात, भुवई वर, योसेफाला म्हणतेय असं वाटतं, "खोली आधी बघून ठेवायची नाही?" तुमच्या दुकानाचा तो तांबडा कोट तिला घातलाय. बाहीला किमतीची चिठ्ठी लोंबतेय, ती काढायची नाही असं तुमच्या साहेबांनी लिहिलंय. फादर बघायला आले, दार उघडताच दचकून 'माफ करा' म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्यांना वाटलं पाहुणे आहेत.

वन्संनी आता सरळ विचारलंय. डिसेंबरच्या मध्यापासून काही दिवस येऊ का, दुसरी सोय होईपर्यंत. मी कारण शोधून दमले होते, आणि कारण खोलीतच उभं होतं! चर्चची मागची खोली दुरुस्तीला, ही मंडळी नाताळपर्यंत माझ्याकडेच राहणार. तसं लिहून टाकलं. देवाच्या कामाला त्या काय नाही म्हणणार? रात्री शांत झोप लागली.

बाळाचं बघ. दप्तरवालं नको.

तुझी ताई


२९ नोव्हेंबर

ताई,

घाईत लिहितेय. मधल्या शोकेसमध्ये उद्या कागदाचा बारा फुटी देवदूत टांगायचाय, त्याच्या हातात अत्तराची बाटली.

वन्संना नेमकं काय लिहिलंस? शब्द न् शब्द कळव. मला उगीचच धडधडतंय.

चिंगी


६ डिसेंबर

प्रिय चिंगे,

धडधडायला काय झालं? साधं लिहिलं होतं: 'वन्सं, तुम्ही आला असतात तर आनंदच होता, पण जागा नाही. खोलीत पवित्र कुटुंब आहे.'

आणि त्यांचं उत्तरही आलं. हे बघ, जसंच्या तसं उतरवते:

'वहिनी, पत्र मिळालं. पवित्र कुटुंबाला या खेपेस खोली मिळाली, हे वाचून समाधान वाटलं. मागच्या खेपेस मिळाली नव्हती. माझी काळजी करू नये.'

बघ, किती समजूतदारपणे घेतलं! मी उगीच घाबरत होते. एरवी माझं पत्र तांबड्या शाईने शुद्ध करून परत पाठवतात, यंदा तेही नाही. वय झालं की माणूस निवळतो.

बाळाचं अजून कळवलं नाहीस.

तुझी ताई


१० डिसेंबर

ताई,

ते पत्र परत वाच. सावकाश. मागच्या खेपेस, बाळ गोठ्यात जन्मलं त्या रात्री, धर्मशाळेच्या दारात कुणी 'जागा नाही' म्हटलं होतं ते आठव.

आणि मला शिव्या घालायच्या तर घाल, पुतळे मीच पाठवलेत.

चिंगी


१९ डिसेंबर

ताई,

उत्तर का नाही? रागावलीस? आजारी तर नाहीस? इथे लोक भेटवस्तूंसाठी एकमेकांच्या पायावर पाय देताहेत, आणि मी शिडीवरून प्रत्येक पोस्टमनकडे बघतेय. दोन ओळी तरी टाक. शिव्यांच्या चालतील.

चिंगी


२६ डिसेंबर

प्रिय चिंगे,

रागावले होते. पहिले दोन दिवस तुझ्यावर. कालपर्यंत नाक पुसायला माझा पदर धरणारी मला बायबल शिकवणार! मग ते पत्र पुन्हा वाचलं, आणि पाहुण्यांच्या खोलीचं दार उघडलं. सहाही जणं उभी. मरीया कमरेवर हात ठेवून बघत होती. इतके दिवस मला वाटायचं ती योसेफाला जाब विचारतेय. नाही गं. तिचं तोंड दाराकडे होतं.

मग ठरवलं, आधी यांना हलवायचं. हातगाडी आणली. मरीयेला आडवं घातलं, तिचा तो हात आभाळाकडे, तिच्या बाजूला योसेफ कंदिलासकट. राजांची दुसरी खेप करणार होते. पहिल्यांदा औषधवाल्यांकडे गेले. त्यांच्याकडे दोन खोल्या नुसत्या पडून आहेत. म्हटलं, "आठवडाभर ठेवून घ्याल का?" ते म्हणाले, "बाई, ठेवलं असतं हो, पण आमच्याकडे पाहुणे यायचेत. जागा कुठाय?" शेजारीण म्हणाली, "ह्यांना चालायचं नाही. आणि खरं सांगू का, तिची ती भुवई मला सोसवत नाही." माझी एक जुनी विद्यार्थिनी, जिला मी शिवण शिकवलं, तिने तर दार अर्धंच उघडलं: "बाई, आत्ताच फरशी पुसलीय." फादर हो म्हणाले असते, पण त्यांच्या एवढ्याशा खोलीत मोडक्या मूर्ती भरल्यात. "माझ्या खाटेखाली दीड राजा आहे," ते अगदी शरमून म्हणाले.

सगळे इतकं गोड बोलत होते, चिंगे! कुणी वाकडा शब्द काढला नाही. 'जागा नाही' हे इतक्या प्रेमाने म्हणता येतं, हे मला ठाऊक होतंच. आपण म्हणताना ते बरंच बरं वाटतं.

शेवटी चढावर गाडीचं चाक डुगडुगायला लागलं. तिथे ते सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पत्र्याचं, काळंकुट्ट. सायकलवाला चाकात हवा भरत होता. म्हणाला, "ही मंडळी कोण?" मी इतकी दमले होते की गोठा, समिती, उंट, काही सांगायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "प्रवासातली आहेत." तो म्हणाला, "मग आत आणा की. सायकली जरा सरकवतो." हसला नाही, दुसरा प्रश्न विचारला नाही. योसेफाला त्याने खांद्याला धरून आत नेलं, तेही अगदी "सांभाळून, इथे वंगण सांडलंय" असं सांगत.

दुसऱ्या दिवशी वन्संना आणायला गेले. सामान बांधून झालं होतं. रिकाम्या खोलीत ट्रंकेवर बसल्या होत्या, अंगात कोट, मांडीवर पिशवी, स्टेशनवर बसावं तशा. गाडी कुठली ते मात्र ठरलेलं नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "पवित्र कुटुंब गेलं?"

"हो."

"कुठे?"

"सायकलच्या दुकानात."

"योग्य ठिकाणी गेलं," म्हणाल्या, आणि जड पिशवी माझ्या हातात दिली.

मी वाटेत क्षमा मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "समोर बघून चाल, पडशील." म्हणजे तेही झालं.

घरी आल्यावर त्यांना गोठा बघायचाच होता. नेलं. त्यांनी मरीयेच्या बाहीची चिठ्ठी चष्मा लावून वाचली. मग पाटी वाचली: 'हाच ऐटदार कोट, दुसरा मजला.' पिशवीतून कात्री काढली. "बाळंतपण दारात आलंय आणि हिला हा कोट?" दुकानाचे सगळे कपडे उतरवले. मग आम्ही दोघी बसून जुन्या चादरींचे अंगरखे शिवले. जन्मभर शिवण शिकवलं मी, आणि त्या मला म्हणतात, "टाका लांब पडतोय." एका चादरीवर अजून फुलं आहेत, ती मधल्या राजाला दिली.

योसेफाला काही पुरेना. वन्संनी कपाट उघडून ह्यांचा तपकिरी कोट काढला. मला तो काढवत नव्हता. त्यांनी खिसे झटकले, बाह्या सरळ केल्या, आणि म्हणाल्या, "माझा भाऊ लग्नाआधी किती गुटगुटीत होता." मी उत्तर तयारच ठेवलं होतं. पण वर बघितलं, तर त्या कोट धरून नुसत्या बसल्या होत्या. ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच गं, चिंगे. मी मधे उभी होते, एवढंच. मग मी सुईत दोरा ओवला.

चर्चची खोली तयार झाली, पण पुतळे हलवायला कुणाचा हात होईना. गोठा दुकानातच राहिला. नाताळच्या प्रार्थनेनंतर सगळे तिथे आले. वर टांगलेली चाकं, मधे सायकली, गाढव एकटंच प्लास्टरचं. औषधवाले नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बाई, वंगणाचा वास येतोय." फादर म्हणाले, "त्या गोठ्यात तरी कुठे अत्तर होतं?" मला तुझा बारा फुटी देवदूत आठवला.

बाळ नव्हतंच. मी कापडाची गुंडाळी करायला निघाले होते, वन्संनी अडवलं. "राहू दे गव्हाण रिकामी." एक छोटी मुलगी वाकवाकून बघत होती. "बाळ कुठाय?" सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात वन्सं त्यांच्या शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "कुणाकडे जागा आहे ते बघत फिरतोय. तुझ्याकडे आहे?"

मुलीने विचार केला. "आहे. पण आजी घोरते, सांगून ठेवा त्याला."

सगळे हसले. औषधवाले हसले नाहीत, लौकर निघून गेले. आज सकाळी त्यांची बायको सांगत होती, घरी जाऊन त्यांनी मागच्या खोलीतली खोकी बाहेर काढली, खाट झटकली, धुतलेली चादर घातली. "कोण येणार आहे?" विचारलं तर म्हणाले, "माहीत नाही."

पुलापलीकडच्या उंटाची मान म्हणे वरच्या वर अडकली. वाईट वाटलं. थोडंसं.

वन्संबद्दल फार गोड कल्पना करू नकोस. झाकणं उचलतातच. आज भाजी बघून म्हणाल्या, "हं." नाताळ झाला म्हणून माणसं बदलत नाहीत. पण रात्री ताटं दोन होती, आणि मी बऱ्याच दिवसांनी उभ्याने जेवले नाही.

तुझी ताई


३० डिसेंबर

ताई,

तुझं पत्र शिडीच्या पायरीवर बसून वाचलं. खालून कुणीतरी "बाई, रडताय का?" विचारलं, तर टाचणी टोचली म्हणून सांगितलं.

कपड्यांचं खोकं पोचलं. साहेबांनी विचारलं, पाटीचं काय झालं? मी म्हटलं, प्रदर्शन ऐनवेळी एका वाहन दुरुस्ती केंद्रात हलवावं लागलं. ते खूश झाले. म्हणाले, "वाह! गाडीवाला ग्राहक."

इथे नाताळ काल संपला. म्हणजे मी उतरवला. देवदूताची गुंडाळी करून तळघरात ठेवली, उद्यापासून पांढऱ्या चादरींचा सेल. दुकान बंद व्हायच्या वेळी त्या नाताळ कुठल्या मजल्यावर म्हणून विचारणाऱ्या बाई पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर बघितला हो, पण तिथे नुसती भांडी होती." मी त्यांना सायकलच्या दुकानाचं सांगितलं. बराच वेळ. मागे रांग लागली तरी.

जानेवारीत रजा मिळतेय. येऊ का? पण आता खोलीत वन्सं आहेत, मी कुठे झोपू? आणि खरं सांग, त्या किती दिवस राहणार आहेत?

चिंगी


५ जानेवारी

चि. वहिनीच्या धाकट्या बहिणीस,

उत्तर मी देत आहे, कारण तुझी ताई तुझं पत्र मेजावर उघडं ठेवून बाजारात गेली आहे. उघडं पत्र वाचणं अयोग्य आहे. मी वाचलं.

तुझ्या पत्रावरून 'थोडक्यात' या शब्दाशी तुझा परिचय दिसतो, तुझ्या ताईचा नाही. तिने तुला माझ्याविषयी काय काय लिहिलं असेल याची मला कल्पना आहे. भाजीत मीठ खरंच कमी होतं. पण मी फक्त 'हं' म्हटलं, याची नोंद व्हावी.

तू अवश्य ये. माझी खाट रुंद आहे. मी भिंतीकडे झोपते, आणि घोरत नाही. तुझी ताई घोरते. सायकलवाल्याने पुतळे आणखी थोडे दिवस ठेवायला हरकत नाही म्हटलं आहे. योसेफाच्या हातात तो आता टायर अडकवतो. फादरांना पटलं आहे, तुझ्या ताईला नाही. मी मत दिलेलं नाही.

मी किती दिवस राहणार, हे तू विचारलंस. तुझ्या ताईने विचारलेलं नाही. परवा तिने सुताराला बोलावून माझ्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. सुतार म्हणाला, "पाहुण्यांच्या खोलीला आतून कडी कशाला?" ती म्हणाली, "तुम्ही बसवा हो."

मी स्वयंपाकघरात होते. ऐकू आलं. हातात झाकण होतं, ते आवाज न करता ठेवलं.

तिला सांगू नकोस.